गुणाची बट

अणदूरच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या राघवेंद्रमास्तरांना वळणांचा नाद होता. सोलापूरहून जुना पेटीकॅमेरा आणल्यापासून ते माणसांचे फोटो काढतच नसत. भोपळ्याच्या वेलीचं गुंडाळलेलं टोक, गोगलगाईचा शंख, पटक्याचा पीळ, असलं काहीतरी टिपायचे आणि मुलांना दाखवून म्हणायचे, "आता हे हात न उचलता काढा."

गावाबाहेर धुळाप्पा मेंढरं राखायचा. त्याची मुलगी गुणा दुसरीत होती. एका रविवारी मास्तर त्याच्या मेंढ्याची शिंगं टिपायला गेले, तेव्हा गुणा पाठमोरी बसली होती. मानेवर केसांची एक बट तेलाविना गुंतून घट्ट झालेली, गोल वळलेली. मास्तरांनी त्या बटेचाही फोटो घेतला. तो छान आला म्हणून सोलापुरात मोठा करून घेतला आणि कौतुकानं धुळाप्पाला नेऊन दिला.

त्यानंतर पंधरा दिवस गुणा शाळेत आली नाही. मास्तर चौकशीला गेले आणि दारातच थबकले. कुडाला त्यांनीच काढलेला फोटो टांगला होता. त्यावर हळदकुंकू, खाली नारळ. शेजारी मळवट भरलेली गुणा.

"धुळाप्पा, हे काय?"

"जट निघाली, मास्तर. देवीची खूण हाय. आमच्या कुणाच्या ध्यानातच न्हाय आली. तुमच्या फोटूनं दावली."

"जट कसली? गुंता आहे तो! तेलफणी केली तर..."

"आसं बोलू नका!" धुळाप्पानं कानाला हात लावले. "पुनवेला देवीला सोडायची. जोगतीण येनार हाय. आता साळा न्हाय, लगीन न्हाय."

 मास्तर खाली बसले.  गुणा फोटोकडं बघत म्हणाली, "मास्तर, ह्यो माझा फोटू हाय, तर माझं तोंड कुठं हाय?"

घरी आल्यावर त्यांनी न जेवताच घडलेलं सांगितलं. बायकोनं, चारुशीलानं, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिची आई काय म्हणते?"

"मी विचारलंच नाही," मास्तर म्हणाले. आपण असं कसं केलं, याचा त्यांना नव्यानं धक्का बसला.

दुसऱ्या दिवशी धुळाप्पा मेंढरं घेऊन गेल्यावर चारुशीला तिथं गेली. गुणाची आई नागूबाई तिला बघताच रडू लागली. "मास्तरीणबाई, माझी भन आशीच सोडली व्हती. तिचे हाल म्या बगितलेत. पर त्या केसाला हात लावायला धीर व्हत न्हाय."

"मी लावते. कोप व्हायचा तो माझ्यावर होऊ दे."

तीन दुपारी तेल मुरवलं, रिठ्यानं धुतलं, एकेक केस सोडवला, आणि धुळाप्पा यायच्या आत गुणाच्या डोक्याला फडकं बांधलं. तिसऱ्या दिवशी गुंत्याच्या गाभ्यातून एक काटेरी गोखरू निघालं. मेंढरांच्या लोकरीत अडकतं, तसलंच.

संध्याकाळी धुळाप्पानं गुणाचे मोकळे केस बघितले आणि त्याच्या हातातली काठी गळून पडली. "काय केलंसा हे? कुळाचा नास करता काय?"

नागूबाईनं ते गोखरू त्याच्या तळहातावर ठेवलं. "ही बगा तुमची खूण."

धुळाप्पानं ते बोटानं उलटसुलट करून बघितलं आणि कुडावरचा फोटो उतरवला.

पुनवेला जोगतीण आली, नुसता नारळ घेऊन परत गेली. गुणा सोमवारी शाळेत आली. पण पुढं महिनाभर ती नुसती खोकली तरी धुळाप्पाचा चेहरा पांढरा पडायचा, आणि खरं सांगायचं तर मास्तरांचाही.