पोचलेली नोटीस

डिचोलीच्या बाजारात, औषधांच्या दुकानावरच्या माडीत कृष्णनाथ वकिलांचे ऑफिस होते. त्यांच्या हुशारीबद्दल तालुक्यात दोन मते होती, सावकाशपणाबद्दल मात्र एकच. त्यांच्याकडे सोपवलेले काम म्हणजे अढीत घातलेला आंबा. पिकेल तेव्हा पिकेल. पक्षकाराने अधूनमधून वास घेऊन जायचे.

त्यांची सगळ्यात जुनी अशील म्हणजे देवकी. माहेर पेडण्याकडे, कोरगावला, आणि दिलेली सुर्ल्याला. नवऱ्याचा खनिज वाहायचा ट्रक होता. खाणी बंद पडल्यापासून तो अंगणात उभा होता आणि त्याच्यावर दोडकीचा वेल चांगला धरला होता. कोरगावला तिच्या वडिलांचे काजूचे भाट, म्हणजे बागायत. गोव्याच्या कायद्याने त्यात भावाइतकाच बहिणीचा वाटा. पण कायदा डिचोलीला, आणि भाट सगुणच्या, म्हणजे तिच्या भावाच्या ताब्यात. काजूचा हंगाम संपला की सगुण बहिणीला पिशवीभर बिया पाठवायचा. पिशवी बघून देवकीला अख्खे भाट आठवायचे, आणि ती डिचोलीची बस धरायची.

मग ती कृष्णनाथांसमोर बसून आईच्या सोन्यापासून बापाच्या आजारपणापर्यंत सगळे काढायची. बापाला सगुणने वेळेवर औषधसुद्धा दिले नाही, असे म्हणायची आणि पदर डोळ्यांना लावायची. त्या वाक्यापाशी कृष्णनाथ पेन खाली ठेवत. शेवटी ती म्हणायची, नोटीस धाडा. कृष्णनाथ नोटीस सांगत, ऑफिसातली विनिता टाइप करी, ते झोकदार सही करत आणि कागद टेबलाच्या खालच्या खणात ठेवून देत.

तेवढ्यात चवथ येई. सगुण नारळ आणि गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळे घेऊन सुर्ल्याला हजर होई, बहिणीला गणपतीला न्यायला. देवकी जाई, माहेरच्या आरतीत सगळ्यांत उंच आवाज लावी, आणि परतताना डबाभर गोड नेवऱ्या वकिलांच्या टेबलावर ठेवून म्हणे, यंदा राहू द्या. कृष्णनाथ गंभीर चेहऱ्याने "बरे" म्हणत. ह्या खटल्यात त्यांना मिळाली ती फी एवढीच, आणि अशा फीवर त्यांचा दाताचा डॉक्टर मात्र बरा चालला होता.

मग त्यांचा मुलगा रुद्रेश वकील झाला. "पपा, तुम्ही अशिलांची कामं करत नाही," तो म्हणाला, "मुरवत ठेवता." मुरवण्यात वाईट काय, हे कृष्णनाथांना कळले नाही. पण कळत नाही असे म्हणायची सोय मुलासमोर नसते. रुद्रेशने एका कंपनीशी करार केला. विनिताला भिंतीवरचे घड्याळ भेट देऊन निरोप दिला आणि तिच्या खुर्चीवर प्रिंटर बसवला. प्रिंटर चहा पीत नसे, ही त्याची मोठी बाजू. आता अशिलाने फोनसमोर बोलायचे. ते बोलणे कुठल्या तरी लांबच्या शहरात जाणार, तिथली पोरे आणि मशीन मिळून त्याची नोटीस करणार, आणि ती पडद्यावर परत येणार. खाली हिरवे बटण: मंजूर.

यंदा देवकी आली तेव्हा रुद्रेश पणजीला कोर्टात होता. कृष्णनाथांनी फोन तिच्यापुढे ठेवला. ती नेहमीप्रमाणे बोलली, नेहमीच्या ठिकाणी रडली. तिने नाक पुसेपर्यंत नोटीस पडद्यावर हजर. सात पाने. कृष्णनाथांनी पहिले वाचले आणि शेवटचे वाचले. मधली पाने प्रतिपक्षासाठी असतात, असा त्यांचा उभ्या आयुष्याचा अनुभव. इंग्रजी फर्डे होते. त्यांनी समाधानाने मंजूरवर बोट ठेवले.

ही त्यांच्या मते सही होती. सही झाली की कागद खणात जातो. पाठवणे ही गोष्ट वेगळी. तिला डिंक लागतो, तिकीट लागते, पोस्टात जाणारा माणूस लागतो आणि मुख्य म्हणजे पाठवायची इच्छा लागते. त्यांनी खालून चहा मागवला. चहा वर येईपर्यंत नोटीस कोरगावला सगुणच्या फोनवर पोचली होती, आणि वाचलीही गेली होती. पडद्यावर तशी नोंदच उमटली.

मधल्या पानांत सगळे होते. फसवणूक, विश्वासघात, बेकायदा कब्जा. चौथ्या पानावर लिहिले होते की, मरणासन्न पित्यास औषधोपचारापासून हेतुपुरस्सर वंचित ठेवण्यात आले. मशीनने त्या वाक्यापाशी पेन खाली ठेवले नव्हते.

रुद्रेश आल्यावर कृष्णनाथांनी विचारले, पोस्टमास्तरला सांगून परत घेता येईल का. रुद्रेश हसला, आणि मग बापाचा चेहरा बघून हसायचा थांबला. त्याने कंपनीला कळवले. कंपनीचे आभाराचे उत्तर क्षणात आले. तक्रार मिळाली, तक्रार निकालात काढली.

दुसऱ्या दिवशी सगुणच्या म्हापशाच्या वकिलाचे उत्तर आले. तोही त्याच कंपनीचे गिऱ्हाईक. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर बहीणभावांपेक्षा त्यांचेच तोंडवळे जास्त जुळत होते. पाठोपाठ सगुणने कोर्टात वाटणीचा अर्जही घातला. म्हणजे सगळ्या वारसांना बोलावणार, मिळकत मांडणार, आणि एकमत झाले नाही तर वारसांनी आपसांत बोली लावून ती घ्यायची. बोलीत सगुण हरणार नव्हता. सुर्ल्याच्या ट्रकावरची दोडकी विकून भाट येत नाही.

कृष्णनाथ बसने कोरगावला गेले. प्रतिपक्षाच्या घरी जाऊ नये, हे त्यांना ठाऊक होते, तरी गेले. सगुणने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, चहाबरोबर उंडे पाव दिले. इतका वेळ पावसाविषयी बोलला की कृष्णनाथांनाच विषय काढावा लागला. मशीनने लिहिले, मी नीट वाचले नाही, सही माझी पण शब्द माझे नव्हेत, असे त्यांनी सांगितले. सगुणने ऐकून घेतले.

"वकीलबाब, मरायच्या आदल्या रातीक बापाशीक मी पाठीर घेवन रस्त्यापर्यंत न्हेलो," तो म्हणाला. "गाडी मेळापर्यंत माझ्या पाठीरच होतो."

"मशीन ते, सगुणबाब. त्याला काय कळतंय?"

"मशीनीक माझो बापूस म्हायत नाय. तां तिणाच सांगल्यान."

कृष्णनाथांनी उरलेला चहा प्याला. सगुण त्यांना बसपर्यंत सोडायला आला आणि बस हलेपर्यंत छत्री धरून उभाही राहिला. त्याने आरडाओरडा केला असता तर काहीतरी आशा होती.

चवथ आली. देवकीने पातोळ्या केल्या, खतखते केले, आणि सुर्ल्याच्या रस्त्याकडे तोंड करून बसली. सगुण आला नाही. तिचा नवरा म्हणाला, आपणच जाऊया. न बोलावता माहेरच्या गणपतीला जाणारी बाई अजून जन्मायची आहे, असे ती म्हणाली.

गणपती पोचवल्यावर ती डिचोलीला आली. हातात डबा नव्हता. आतल्या खोलीत रुद्रेश फोनवर कुणाला तरी सांगत होता की, वर्षानुवर्षे रेंगाळलेले प्रकरण महिन्याभरात मार्गी लागले. खोटे नव्हते ते.

"बाब, आदी तुमी नोटीस धाडी नाय होतास," देवकी म्हणाली. "माका म्हायत होतां."

कृष्णनाथांनी चष्मा काढला. "माहीत होतं? मग यायचीस कशाला?"

"घोव म्हणी, म्हापशाक चांगले वकील आसत, थंय जा. मी म्हटलंय, ते धाडतीत." तिने प्रिंटरकडे पाहिले. "माका बोलाक खंय तरी जागा होयी होती."

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. इंग्रजीत काहीतरी आले होते. तिने तो त्यांच्यापुढे धरला. कंपनी विचारत होती, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात. खाली पाच तारे. कृष्णनाथांनी मराठीत समजावून सांगितले.

"किती तारे देव?"

"तुला वाटतील तेवढे."

तिने बोट पडद्याजवळ नेले आणि थांबवले. "दिल्यार परत घेवक येता?"

"नाही."

तिने फोन तसाच पिशवीत टाकला. उठता उठता विचारले, तारखेला कोर्टात तिला आणि सगुणला एकाच बाकावर बसवतील का.

"समोरासमोर," कृष्णनाथ म्हणाले.