सहाव्या वर्षाची दाढ

बारामतीच्या आठवडी बाजारात भाजीवाल्यांच्या ओळी संपतात, तिथं कडुनिंबाखाली दस्तगीर सतरंजी टाकून बसायचा. तो दात काढायचा. हे काम त्याला बापानं शिकवलं होतं. चिमटा उकळून घ्यायचा, हिरडीवर लवंगेचं तेल चोळायचं आणि माणसाला बोलण्यात गुंतवायचं. लहान पोरांच्या बाबतीत तर त्याचा हातखंडा होता. "घरी बैलं किती? नावं काय त्येंची?" असं विचारता विचारता दाढ त्याच्या हातात आलेली असायची, आणि पोर रडायचं ते सगळं झाल्यावर. मग आईला तो दर वेळी एकच वाक्य सांगायचा, "काळजी नगं बाई, दुधाची हाय. परत येतीया."

काटेवाडीची सिंधुबाई दर बाजाराला वांगी-गवार घेऊन यायची आणि त्याच्या शेजारीच पाटी मांडायची. दोघांची दहा वर्षांची ओळख. एका हंगामात तिनं सात वर्षांच्या नातीला, रतनला, त्याच्यापुढं आणून बसवलं. पोरीचा गाल टम्म सुजला होता. गुऱ्हाळं चालू झाली की गावातली पोरं दिवसभर तिथंच असत, काकवी चाटत आणि गरम गूळ खात. रतनच्या खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा किडून पोखरल्या होत्या. दस्तगीरनं त्या काढल्या आणि नेहमीचं वाक्य सांगितलं.

दोन वर्षांनी, म्हणजे पंचावन्न साली, एका बाजारी रतन आपणहून येऊन त्याच्यासमोर बसली.

"चाचा, माज्या दाढा कवा येत्याल?"

"येत्याल की."

"पडलेले बाकी समदे दात आले. ह्या दोनच न्हाय आल्या."

दस्तगीरनं तिला तोंड उघडायला लावलं आणि बोटानं हिरडी चाचपली. हिरडी गुळगुळीत आणि टणक झाली होती. खालून काही वर येत असल्याची खूण नव्हती. एवढी वर्षं त्यानं शेकडो दाढा काढल्या, पण त्या जागी पुढं काय झालं हे पाहायला कुणाला परत बोलावलं नव्हतं.

"इचारून सांगतो," तो म्हणाला आणि त्या दिवशी दुपारीच त्यानं सतरंजी गुंडाळली.

दवाखान्यात आपटे डॉक्टर होते. पुण्याहून आलेले, सगळ्याच दुखण्यांचे डॉक्टर, पण दातांचंही थोडं काम शिकलेले; वयानं लहान, पण बोलायला मोकळे. त्यांनी कागदावर जबडा काढून दाखवला.

"ही सहाव्या वर्षी येते, दुधाच्या दातांच्या मागं. हिच्या आधी तिथं काही पडत नाही, म्हणून आयांना वाटतं हीसुद्धा दुधाचीच. पण ही कायमची दाढ आहे. एकदा गेली की गेली."

"आयांस्नीच न्हाय डॉक्टर," दस्तगीर म्हणाला, "मलाबी तसंच वाटत हुतं."

रात्री तो जेवला नाही. बायकोनं, मुनिरानं, ताट वाढून समोर ठेवलं आणि तीही तशीच बसून राहिली. शेवटी त्यानं सगळं सांगितलं. "वीस वरसं मी लोकांस्नी खोटं सांगतुया," तो म्हणाला.

"ठाऊक असून सांगितलं तर खोटं. तुमाला ठाऊकच नव्हतं."

"पण पोरीची दाढ तर गेली न्हवं?"

मुनिरानं ताट त्याच्याकडं सरकवलं. मग म्हणाली, "आता ठाऊक झालंय. ज्येंना तसं सांगितलं, त्येंना जाऊन असं सांगा. आन् आदी दोन घास खावा. उपाशी पोटी सायकल चालायची न्हाय काटेवाडीपतूर."

दुसऱ्या दिवशी तो काटेवाडीला गेला. सिंधुबाई गवार तोडत होती. बांधावर उभं राहूनच त्यानं सांगून टाकलं. तिचा हात थांबला.

"म्हंजी येणारच न्हाईत?"

"न्हाय मावशी. माजी चूक झाली."

सिंधुबाईनं ओटीतल्या शेंगा पाटीत टाकल्या. "तिला तूच सांग," ती म्हणाली. "तुज्यावर लई भरवसा हाय तिचा."

रतन शाळेतून आली तेव्हा दस्तगीर तिच्या उंचीला येईल असा उकिडवा बसला आणि त्यानं सांगितलं. तिनं जीभ गालात फिरवून रिकाम्या जागा चाचपल्या.

"मग मी ऊस कसा खाऊ?"

"मी सोलून बारीक करवं करून दीन."

"रोज?"

"बाजारच्या दिवशी."

तिला ते पटल्यासारखं दिसलं. मग ती म्हणाली, "आमच्या शेजारच्या नकोशीची बी दाढ दुखतीया. तिची नगा काढू."

त्यानं नकोशीला बोलावून तिचं तोंड पाहिलं. सहा वर्षांची पोर. दाढ नुकतीच वर आलेली आणि तिच्यावर काळा ठिपका. नकोशीला तिच्या आईसह तो आपटे डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी कीड खरवडली, खड्डा भरला आणि दाढ वाचली. दस्तगीर शेजारी उभा राहून सगळं पाहत होता. दाढ अशी राखता येते हे तो पहिल्यांदाच पाहत होता.

पण एकेका पोराला असं किती ठिकाणांहून आणणार? काटेवाडीच्या शाळेतल्या महिपती गुरुजींनी त्याला अर्ज लिहून दिला : प्रत्येक शाळेत वर्षातून एकदा पहिली-दुसरीच्या मुलांची तोंडं तपासावीत आणि ही दाढ कायमची असते हे घरोघर कळवावं. तो अर्ज घेऊन दस्तगीर कचेऱ्यांच्या पायऱ्या चढू लागला. एका ठिकाणी म्हणाले, हे आरोग्याचं काम. तिथं गेला तर म्हणाले, शाळेची पोरं म्हणजे शिक्षणाचं काम. एका कारकुनानं अर्ज पुन्हा पुन्हा वाचला.

"दात काढणाराच म्हणतोय दात काढू नका. मग तू काय करणार?"

"म्हाताऱ्यांचे हायत की," दस्तगीर म्हणाला.

कारकून हसला, पण मग त्यानं नीट समजावलं. अख्ख्या तालुक्यात दातांचा डॉक्टर नाही. शाळाशाळांतून हिंडायला माणूस कुठून आणायचा? अर्ज तिथंच अडणार.

बाजारात त्यानं हे सिंधुबाईला सांगितलं. ती गिऱ्हाइकाला वांगी निवडून देत होती.

"देवी टोचायला मानूस येतोच की साळंत," ती मान वर न करता म्हणाली. "दंड धरतो, तसं त्वांडबी उघडून बघंल. त्येला काय दुसरी गाडी लागतीया?"

दस्तगीरनं तशीच सायकल काटेवाडीकडं काढली. त्याच संध्याकाळी गुरुजींनी अर्ज नव्यानं लिहिला.

पावसाळ्यानंतर काटेवाडीच्या शाळेची नवी खोली उघडायला लोकल बोर्डाचे सभासद आबासाहेब आले. नारळ फुटला, भाषण झालं, आणि आबासाहेब निघण्याच्या बेतात असताना गुरुजींनी दस्तगीरला पुढं केलं. अर्ज हातात, पण शब्द फुटेना. तेव्हा रतनच पुढं आली आणि तिनं आ वासला.

"ह्या दोन न्हाईत," ती बोट घालून म्हणाली. "ह्या परत येत न्हाईत. चाचांना ठाऊक नव्हतं. कुनालाच ठाऊक नव्हतं."

आबासाहेबांनी चष्मा लावला. मग त्यांनी पहिलीतल्या पोरांना रांगेत उभं करायला सांगितलं आणि स्वतः खाली वाकून एकेकाचं तोंड पाहिलं. दस्तगीर शेजारून कुठली दाढ ते दाखवत होता. नवव्या पोरानंतर आबासाहेब सरळ झाले.

"माझी धाकटी सहाचीच आहे," ते म्हणाले. "तिच्या तोंडात मी अजून कधी डोकावलेलं नाही."

त्यांनी अर्ज खिशात घातला.

ठराव व्हायला पुढं वर्ष गेलं, आणि झाला तोही मागितल्याहून लहान. दातांचा डॉक्टर काही मिळाला नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत देवी टोचणाऱ्यांनी पोरांच्या दाढाही पाहाव्यात, किडलेली दिसली तर घरी चिठ्ठी द्यावी, एवढंच मंजूर झालं. दस्तगीर जरा हिरमुसला. मुनिरा म्हणाली, "आता एवढं घ्या. बाकीचं मागायला तुमाला पाय हायतच."

टोचणाऱ्यांना शिकवायचं काम आपटे डॉक्टरांवर आलं, आणि त्यांनी दस्तगीरला सोबत घेतलं. पहिली तपासणी इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याच्या शाळेत ठरली. सिंधुबाई आणि रतनही एसटीनं आल्या. दस्तगीरनं धुवट पैरण घातली होती, तरी बारामतीच्या बाजारात त्याला पाहिलेल्या पोरांनी ओळखलंच. दोघंतिघं दाराकडं पळाली. त्यानं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. चिमटा नव्हता. तरीही कुणी जवळ येईना. मग रतन पायरीवर बसली, तिनं तोंड उघडलं, आणि एकेक पोर येऊन आत डोकावून गेलं. त्यानंतर रांग आपोआप लागली.

त्या दिवशी सात चिठ्ठ्या निघाल्या. सातांतल्या पाच दाढा डॉक्टरांनी पुढं वाचवल्या. दोन घरांतून कुणी आलंच नाही. त्या दोन घरी दस्तगीर सायकलीवर दोनदा जाऊन आला, तेव्हा त्यांतली एक आई पोराला घेऊन आली.

सतरंजीवर मात्र पोरं कमी आणि म्हातारी जास्त येऊ लागली. एका बाजारी पिंपळीची एक बाई मुलाला दंडाला धरून घेऊन आली. दाढ काढच म्हणून हटून बसली.

"दुधाचीच हाय, काढून टाक. रातभर झोपू दिलं न्हाय."

दस्तगीर काही बोलायच्या आत शेजारून सिंधुबाईचा आवाज आला.

"ती दुधाची न्हाय बाई. दवाखान्यात ने. उजव्या अंगाला वळलं की लगीच हाय." आणि तिनं तराजू उचलून पुढच्या गिऱ्हाइकाची गवार तोलायला घेतली.