वास कोंडून ठेवलेली खोली

मी एक सॉना आहे. म्हणजे कालपर्यंत होतो. न्हाणीघराला लागून असलेली, दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढी, गरम वाफ घ्यायची लाकडी खोली. आज मी अंगणात फळ्यांचा ढीग होऊन पडलोय, आणि न्यायला टेम्पो यायच्या आत मला बोलून घ्यायचंय.

मला एका सुतारानं बांधलं, स्वतःच्या बायकोसाठी. ती शिवणकाम करायची. चाळीस वर्षं सुई धरून तिची बोटं आखडली होती. सकाळी चहाचा कप उचलायलाही दोन्ही हात लागायचे. डॉक्टर म्हणाले, शेक घ्या. सुतारानं शेकायला अख्खी खोलीच बांधली.

आधी भिंतीवर चंदेरी कागद लावला. वाफ भिंतीत शिरू नये म्हणून त्याचा प्रत्येक जोड पट्टी चिकटवून बंद केला. मग त्याच्यापुढे बोटभर फट सोडून देवदाराच्या फळ्या ठोकल्या. एक झरोका खाली शेगडीजवळ, दुसरा समोरच्या भिंतीत वर.

"भोकं कशाला पाडताय? ऊब जाईल ना सगळी," ती म्हणाली.

"तू ओलं कापड घडी करून कपाटात ठेवतेस का?"

"वेड लागलंय का मला?"

"मग मलाही नाही लागलं."

रोज संध्याकाळी ती शेगडीवरच्या तापलेल्या दगडांवर दोन पळ्या पाणी टाकायची. दोघं घाम गाळत बसायची आणि नातेवाइकांची उणीदुणी काढायची. ती बाहेर गेली की तो बाक पुसायचा, झरोके आणि दार सताड उघडायचा, शेगडी आणखी पाव तास चालू ठेवायचा. मी सुकून खडखडीत व्हायचो.

"झाली का तुमच्या लेकराची अंघोळ?" ती बाहेरून टोमणा मारायची.

सहा वर्षांत माझ्या अंगावर एक डाग पडला नाही. मग एका सकाळी तो कामावर असताना कोसळला, आणि घरी परत आलाच नाही.

काही दिवसांनी ती एकटी आत आली. शेगडी लावली. लाकूड तापलं तसा त्याचा वास सुटला: घाम, भुसा आणि दाढीचा साबण. ती भिंतीला कपाळ टेकून रडली. मग उठली, वरच्या झरोक्यात त्याचा टॉवेल कोंबला, खालच्यावर चिकटपट्टी मारली. बाहेर पडून दार घट्ट ओढून घेतलं. त्याचा वास जाऊ नये म्हणून.

तेव्हापासून ती रोज यायची, पाणी टाकायची, डोळे मिटून बसायची आणि दार लावून जायची. वाफ कुठे जाणार? मी गार पडलो की ती थेंब होऊन फळ्यांवरून ओघळायची, बाकाखाली साचायची, फळ्यांमागच्या फटीत जाऊन बसायची. आधी करडे ठिपके आले. मग काळे.

खरं सांगतो, मला तिचा राग यायचा. ज्याची आठवण म्हणून मला जपतेस, त्याचं एवढंसं सांगणं तुला पाळता येऊ नये? पण मग उबेनं तिची बोटं एकेक करून सुटी व्हायची, आणि माझा राग गळून जायचा.

वर्षभरानं मुलगी राहायला आली. तिनं दार उघडलं आणि नाकावर हात धरला.

"आई, हा कसला वास?"

"तुझ्या बाबांचा."

"आई, बाबांना असा वास कधीच येत नव्हता."

"वर्षातून दोनदा येतेस तू. तुला काय माहीत?"

तरी मुलीनं सुताराच्या जुन्या भागीदाराला बोलावलंच. त्यानं खालच्या फळीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"वहिनी, झरोके कुणी बंद केले?"

"मी."

त्यानं पहिली फळी उचकटली. तिची मागची बाजू काळीकुट्ट आणि ओली होती.

"काहीच राहणार नाही का?" तिनं विचारलं.

"वरच्या चार-पाच बऱ्या निघतील. एखादी ठेवून घ्या."

म्हणून आज सकाळी ती अंगणात माझ्यापाशी येऊन बसली. एकेक फळी उचलून नाकाशी धरू लागली. "ही नाही." पुढची. "हीपण नाही."

"आई, पुरे आता," मुलगी म्हणाली.

शेवटची फळी तिनं खूप वेळ धरली. मग तीही ढिगावर ठेवली आणि आत निघून गेली.

बाई, तो वास पहिल्या महिन्यातच विरला होता. त्यानंतर तू उराशी धरलंस ते माझं कुजणं होतं. मला सांगता आलं नाही. माफ कर.

आणि ज्यांच्या घरी माझ्यासारखी खोली आहे, त्यांना हात जोडून सांगतो: वाफ घेऊन झाली की दार लावून निघून जाऊ नका. बाक पुसा, झरोके उघडा, शेगडी पाव तास राहू द्या. लाकडाला श्वास घेऊ द्या. एवढंच तर मागतोय.

टेम्पो आला. चालक माझ्या फळ्या भराभर आत फेकायला लागलाय. भागीदारानं त्याचा हात धरला.

"सावकाश ठेव," तो म्हणतोय, "आपल्या माणसाच्या हातचं काम आहे."