खुर्ची सर्वांसाठी, पाट बाप्पासाठी

खुर्ची बोलतेय म्हटल्यावर निवडणुका लागल्या असं समजू नका. मी त्यातली नव्हे. माझ्यासाठी आजवर कुणी पक्ष बदललेला नाही. मी चाकांची खुर्ची आहे, वाळूवर आणि पाण्यात चालणारी. माझी तीन चाकं फुगवलेली, जाडजूड, पिवळीधम्मक. नागावच्या पोरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, बनाना बोटीलाच चाकं फुटली.

माझा जन्म हॉलंडमधला. तिथल्या एका किनाऱ्यावरच्या गावाने ठराव केला होता की समुद्र सगळ्यांचा आहे, तर तिथवर सगळ्यांना जाता आलं पाहिजे. ठराव कुणीही करतं. पण तिथे ठरावामागोमाग पाण्यापर्यंत लाकडी वाट झाली, आणि माझ्यासारख्या चार खुर्च्या आल्या. याचं मला नवल वाटत नव्हतं. नवल वाटायला मला आधी भारतात यावं लागलं.

तिथे माझ्यात यान नावाचा म्हातारा बसायचा. जन्मभर बस चालवून पाय गेलेले. तो फोन करायचा, "उद्या साडेदहा, यान," एवढंच बोलायचा आणि ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी वाटेच्या टोकाला हजर. पालिकेचा माणूस मला ढकलत पाण्यात न्यायचा, यान पाय सोडून बसायचा, मनसोक्त झालं की "चला" म्हणायचा. आभार कधी मानायचा नाही. मला आधी तो उद्धट वाटला. मग कळलं, नळाला पाणी आलं म्हणून कुणी नळाच्या पाया पडत नाही. तुमच्याकडे पडत असतील, तो भाग वेगळा.

सगळंच तिथे गोडगोड होतं असंही नाही. पालिकेत एकटेपणा कमी करण्याचं एक खातं होतं. त्या खात्याची बाई यानकडे यायची. तो तिला कॉफीबरोबर एक बिस्कीट द्यायचा आणि डब्याचं झाकण लावून टाकायचा. मग ती विचारायची, "गेल्या आठवड्यात किती एकटं वाटलं? शून्य ते दहा?"

"तुम्ही यायच्या आधी चार," यान म्हणायचा. "आता सात." बाई सात लिहून घ्यायची आणि मन लावून मान हलवायची.

एकदा तपासनीस आला. माझी चाकं ठणठणीत, दांडे ठणठणीत, पण माझ्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती. मुदत संपलेल्या खुर्चीत माणूस बसवता येत नाही, मात्र ती गरीब देशाला दान करता येते. यान म्हणाला, "मुदत तर माझीही संपलीय. मलाही पाठवता का?" तपासनीसाने गंभीरपणे सांगितलं की ते काम वेगळ्या खात्याकडे आहे. यानने माझ्या पाठीवर थोपटलं. त्याने आभार मानल्यासारखं केलं ते तेवढ्या एकाच वेळी, आणि मला फार वाईट वाटलं.

मला इकडे आणलं देवव्रतने. नागावच्या नारळ-सुपारीच्या वाडीवाल्यांचा हा मुलगा. तिकडच्या विद्यापीठात 'जीवनमान' शिकायला गेलेला. माणूस सुखी आहे की नाही, हे तो माणसाकडे न बघता तक्त्यावरून सांगायचा. त्याची आत्या म्हणजे गोदूबाई. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या, त्यामुळे अख्ख्या गावाच्या 'बाई'. शाळा सुटली की रोज समुद्रात घोटाभर पाण्यात उभं राहायचं, मगच घरी यायचं, हा त्यांचा नेम. तीन वर्षांपूर्वी त्या वाडीत पडल्या आणि पायांतलं बळ गेलं. जाणीव राहिली, बळ गेलं. समुद्र त्यांच्या पडवीतून ऐकू येतो, सुरूच्या बनापलीकडेच आहे. पण तेव्हापासून त्यांनी तो पाहिला नव्हता.

घरचे वाईट नव्हते हो. जीव लावणारे होते. "कशाला दगदग?" हे त्यांचं एकच वाक्य. बाईंनी समुद्राचं नाव काढलं की वहिनी मोबाईल पुढे धरायच्या. "हा बघा वन्सं, आत्ताच काढून आणलाय." बाई त्या मोबाईलमधल्या लाटांकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "पाय कुठे घालू यात?"

देवव्रतने आल्या आल्या तक्ता उघडला. "आत्या, तुला किती एकटं वाटतं? शून्य ते दहा?"

"अरे, घरात अकरा माणसं. एकटं वाटायला जागा कुठे आहे? समुद्र किती लांब वाटतो ते विचार."

"तो प्रश्न यात नाही गं," देवव्रत म्हणाला.

माझ्या लोकार्पणाचा सोहळा ठरला. देवव्रतने तिकडचं घोषवाक्य मराठीत आणून फलक केला, 'खुर्ची सर्वांसाठी'. त्या दोन शब्दांनी माझं काय होणार आहे, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. सरपंच शिवदास बाईंचा विद्यार्थी. तो पडवीत येऊन उभा राहिला.

"बाई, कार्यक्रमाला लाभार्थी लागतोय. तुम्हीच या."

"लाभार्थी? मी तुला मराठी शिकवलं ते हा शब्द ऐकायला?"

"कागदावर तसाच लिवतात बाई. त्याशिवाय कार्यक्रम होत न्हाय."

"पाण्यात नेणार असशील तर येते. नुसत्या फोटोला येणार नाही."

"पाण्यात म्हंजे पाण्यातच. शब्द देतो."

त्या दिवशी सकाळी भरती होती. चौघांनी बाईंना उचलून किनाऱ्यावरच्या दगडी बंधाऱ्याच्या पायऱ्या उतरवल्या आणि माझ्यात बसवलं. समुद्र अगदी समोर. बाईंनी चपला काढून हातात घेतल्या. पण प्रमुख पाहुणे यायचे होते, आणि फीत कापल्याशिवाय मला हलायची मुभा नव्हती. पाहुणे वाटेत होते. ते बराच वेळ वाटेतच होते. तोवर देवव्रतने भाषण केलं, "युरोपात सोय आहे पण माया नाही. आपल्याकडे माया आहे." कडकडून टाळ्या पडल्या. बाई माझ्या दांड्यावर बोट आपटत पुटपुटल्या, "मायेला बंधारा उतरता येत नाही रे." मला यानची आठवण आली. माया नाही म्हणे! साडेदहा म्हटलं की साडेदहाला हजर होतं, त्याला तुम्ही काय म्हणता?

पाहुणे आले, फीत कापली, बाईंबरोबर फोटो झाले. मग पाहुण्यांचं लक्ष फलकाकडे गेलं. "सर्वांसाठी हाय ना? मग आम्ही पण जरा बसून बघतो." बाईंना उचलून शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत ठेवलं. पाहुणे बसले. ते बसले म्हणून सरपंच बसले, सरपंच बसले म्हणून उपसरपंच हट्टाने बसले, मग सौभाग्यवती, मग कार्यकर्ते. प्रत्येकाचा एक फोटो. इतक्या धडधाकट माणसांचं वजन मी जन्मात एका दिवशी पेललं नव्हतं. ते आटोपेपर्यंत ओहोटीने समुद्र पार क्षितिजाकडे नेऊन ठेवला, आणि मंडळी जेवायला गेली.

"पुढच्या टायमाला नक्की, बाई," शिवदास म्हणाला.  चपला मांडीवर ठेवून बाई तशाच घरी गेल्या.

मग मी चिरागच्या हाती लागले. त्याचा किनाऱ्यावर वॉटर स्पोर्ट्सचा धंदा. बनाना बोटीची रांग मोठी असली की तो पर्यटकांना माझ्यात बसवायचा. "या दादा, या ताई, डायरेक्ट युरोपची राइड!" कुणी हटकलंच तर फलकाकडे बोट. "वाचा ना, सर्वांसाठी आहे. मी भेदभाव करत नाही." समावेशनाचा एवढा कट्टर माणूस मी युरोपातही पाहिला नव्हता. एकदा वहिनींनी बाईंसाठी मला मागितलं, तर म्हणाला, "सीझन संपू द्या ना काकी."

सीझन संपला, पावसाळा आला आणि मला ग्रामपंचायतीत नेलं. परदेशी वस्तू, खराब होईल, म्हणून प्लास्टिक घालून आतल्या खोलीत ठेवलं. खोलीला कुलूप, कचेरीला उंच पायऱ्या. मी हवी असेल तर माणसाने पायऱ्या चढून आत येऊन मागायचं. पायऱ्या चढता येणाऱ्या माणसाला मी कशाला हवी असेन, हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नाही. बंधाऱ्याला उतार बांधायची गोष्टही दोनदा निघाली. निधी नाही, किनाऱ्यावर बांधकामाला सीआरझेडची परवानगी नाही, अभ्यास चालू आहे.

भाद्रपदात मात्र चमत्कार झाला. आदल्या वर्षी विसर्जनाला एकाचा पाय बंधाऱ्यावर घसरला होता आणि मूर्तीचा हात दुखावला होता. यंदा गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दिवशी शिवदासला कल्पना सुचली, "बाप्पाला खुर्चीतून न्यायचा!" एका दुपारी मंडपवाल्याने बंधाऱ्यावर फळ्या टाकल्या. छान उतार, दोन्ही बाजूंना बांबू. निधीही लागला नाही आणि अभ्यासही. माझ्या फलकाखाली खडूने लिहिलं, 'आज फक्त बाप्पांसाठी'.

एकेका घरचा बाप्पा माझ्यात बसून पाण्यात जाऊ लागला. संध्याकाळ कलताना एक रिक्षा फळ्यांपाशी थांबली. आत गोदूबाई, मांडीवर पाट, पाटावर घरचा गणपती. मागून वहिनी आणि बाकीचे आरतीचं तबक घेऊन धावत येत होते.

शिवदास पुढे झाला. "बाई, तुम्ही कशाला आलात? द्या बाप्पाला, खुर्चीत ठेवतो."

"ठेव की. पण त्याला मी धरलंय."

"बाई, आज खुर्ची फक्त बाप्पासाठी हाय."

"बरोबर. बाप्पा कशावर बसतो?"

"पाटावर."

"आणि पाट कशावर आहे?"

शिवदासने बाईंच्या मांडीकडे पाहिलं. 

"मी पाटाखालचा पाट आहे असं समज," बाई म्हणाल्या. "बाप्पाला पाटावरून उतरवून एकटं पाठवशील का?"

बाप्पाला नाही म्हणायची छाती गावात कुणाची? मला घेऊन सगळे फळ्यांवरून उतरले, वाळूतून निघाले. बाईंना ना फीत लागली, ना पाहुणा. पहिली लाट त्यांच्या पावलांवर आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्ठा श्वास घेतला. वहिनी रडायला लागल्या. "वन्सं, एवढंच होतं होय! मी मेली नुसता मोबाईल दाखवत बसले." मूर्ती पाण्यात गेली. सगळे ओरडले, "पुढच्या वर्षी लवकर या!"

"चला बाई, झालं विसर्जन," शिवदास म्हणाला.

"थांब. पाट जरा भिजू दे."

आणि पाट चांगला भिजला. काळोख पडेपर्यंत भिजला. रीत असते तशी बाईंनी वाकून मूठभर ओली वाळू घेतली, पाटावर ठेवली आणि मग म्हणाल्या, "चला." आभार मानले नाहीत. मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंडपवाला फळ्या घेऊन गेला आणि मी पुन्हा कुलपात आले. देवव्रतने तिकडे निबंध वाचला, 'स्थानिक परंपरेतून समावेशन', त्याला म्हणे बक्षीस मिळालं. इकडे बाईंनी नवरात्रात घटाच्या विसर्जनाला मला नेलं, मग तुळशीच्या लग्नानंतर कसलंसं निर्माल्य घेऊन नेलं. दर वेळी मांडीवर देव, दर वेळी फळ्या हजर. "बाईंच्या घरी देव फार वाढले," असं कचेरीत बोलतात.

आज दुपारी बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. बाईंना पायऱ्या चढता येत नाहीत, म्हणून त्यांनी रिक्षातूनच हाक मारली. वर्गात मारत असतील तशी.

"शिवदास! उद्या साडेदहा. भरती आहे. फळ्या टाकून ठेव."

शिवदास दारात गेला. "बाई, उद्या तर कुठलाच सण न्हाय. कुठला देव घेऊन येताय?"

"कुठलाच नाही," बाई म्हणाल्या. "मी येतेय."

रिक्षा गेली.  शिवदास आत आला, माझ्यावरचं प्लास्टिक उगाच नीट केलं आणि कुलूप लावून निघून गेला. काय ठरवलं, ते मला बोलला नाही.

म्हणून तुम्हाला सांगतेय. उद्या नागावच्या बाजूला आलात तर मोबाईल खिशातच ठेवा. टाळ्या नकोत, हार नको, माझ्यावर भाषणही नको. मंडपवाल्याकडून दोन फळ्या तेवढ्या आणा आणि बंधाऱ्यावर टाका. बाईंची मांडी उद्या रिकामी असणार आहे.