घुमणारा हात

दामूच्या अंगणात रीघ लागली होती. जो तो पुढे होऊन त्याच्या बायकोच्या, रंभाच्या, डाव्या मनगटावर बोटं टेकवायचा आणि चटका बसल्यासारखी मागे घ्यायचा. हात खरोखरच घुमत होता! कातडीखाली मधमाश्या कोंडल्यासारखा.

"आई घुमते, आई!" नामा भगत ओरडत होता. "म्हणून हिला झोप नाय. सांज झाली का पाय नाचतात ते आईचंच! अन् तुमी तिचं रगात यंत्राला पाजता?"

साल २०१८. माझा किन्हवलीत दवाखाना होता. रंभाच्या किडन्या निकामी होऊन वर्ष झालं होतं. कल्याणला जाऊन डायलिसिस करायची, त्यावर ती जगत होती. झोप मात्र उडाली होती. आडवी झाली की पायांत वळवळ सुरू व्हायची. ती उठून येरझारा घालायची, घरातलं कुणीच झोपायचं नाही. कंटाळून दामूने भगताला आणलं. भगताने डायलिसिस बंद करायला लावलं, उन्हात जायची बंदी केली. एक खेप चुकलीही. रंभाचा चेहरा सुजला होता, बोलताना धाप लागत होती. आणि उद्या तो काळा दोरा आवळून तिचा हात 'शांत' करणार होता.

"दामू, दोरा आवळू देऊ नकोस. तिच्या जिवावर बेतेल."

"तुमच्या गोळ्यांनी झोप आली का तिला, डॉक्टर?"

घरी जाऊन मी खर्डीच्या बुधूला फोन केला. रंभाच्या शेजारच्याच खाटेवर त्याचं डायलिसिस व्हायचं.

दुसऱ्या दिवशी भगताने दोरा बाहेर काढला आणि बुधू गर्दीतून पुढे आला. त्याने बाही वर सारली.

"बुवा, माझा हात बघा जरा."

भगताने बोटं टेकवली. तोही घुमत होता! भगताचा चेहरा उतरला.

"ही... ही आईची बहीण."

"मग कल्याणला चला. तिथं खाटंखाटंवर बहिणी निजल्यात!"

अंगणात हशा पिकला. मी गर्दीतल्या लहानी नावाच्या म्हातारीच्या कानाला स्टेथोस्कोप लावला, दुसरं टोक रंभाच्या मनगटावर ठेवलं.

"रगात पळतंय गो!" लहानी म्हणाली.

"तेच आहे," मी म्हणालो. "डायलिसिससाठी ऑपरेशन करून हातातली धमनी शिरेला जोडतात. रक्त जोरात शिरेत घुसतं, त्याची ही थरथर. दोरा आवळला तर रक्त गोठेल आणि डायलिसिसची वाटच बंद होईल."

चिडलेल्या भगताने तरी रंभाचा हात धरला. तिने तो हिसकावून घेतला.

"सोडा! दामू, गाडी बोलाव. मला कल्याणला जायचंय."

तिथल्या डॉक्टरांनी डायलिसिस केलं, मग झोप का उडाली याचा छडा लावायला रक्त तपासलं. लोह कमी, फॉस्फरस वाढलेला आणि ड जीवनसत्त्व तर तळाला गेलेलं. ते उन्हाने अंगात तयार होतं, आणि आजारी पडल्यापासून ती घराबाहेर कमीच निघायची. त्यात हे जीवनसत्त्व शरीराच्या कामाचं करण्यात मोठा वाटा किडनीचा, आणि तीच बंद. डॉक्टरांनी तिन्हींवर उपचार सुरू केले. काही महिन्यांत पायांची वळवळ कमी झाली. रंभा सलग झोपू लागली. रोज नाही, पण बऱ्याचदा.

दामू पेढे घेऊन आला. "डॉक्टर, ड जीवनसत्त्व म्हणजे चमत्कारच! साऱ्या गावाला द्या."

"अरे, आता मला भगत करतोस काय? तिला गुण लोहाने आला, की ड जीवनसत्त्वाने, की सगळ्यांनी मिळून, हे मलाही ठाऊक नाही. ज्यांच्यात ते कमी असतं त्यांची झोप बिघडलेली दिसते, एवढं आढळलंय. ते दिल्याने झोप येतेच, असं ठामपणे सांगता येत नाही. तपासल्याशिवाय घेऊही नये."

"मग आमी विश्वास ठेवायचा कोणावर?"

"कोणीही काही सांगितलं की विचार, 'कशावरून?' जो चिडेल त्याच्यापासून लांब राहा. मी चिडलो, तर माझ्यापासूनही."

दामू पेढा माझ्यापुढे धरत म्हणाला, "डॉक्टर, फॉस्फरस वाढलाय म्हणता, ते कशावरून?"

मी त्याला बसायला खुर्ची दिली.