गाडी चारून आणा

लालासाहेबांच्या रानात सकाळी पाणी सुटणार होतं, म्हणून मंगलनं उजाडतानाच मेंढरांचा तळ आवरायला घेतला. दीर आणि सासरे दादासो मेंढरं घेऊन पुढं निघाले. नवा तळ कुंडलच्या बाजूला होता. भांडी, अंथरुणं, मेंढरं कोंडायच्या जाळ्या, कोंबड्यांची डालगी, सगळं पिकअपमध्ये चढलं. चालता न येणारी कोकरं मंगलनं शेवटी एकेक उचलून मागं ठेवली आणि नवऱ्याला हाक दिली, "घ्या, काढा गाडी."

मल्हारनं किल्ली फिरवली. टिक, टिक, टिक. समोरच्या पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं, फिकं पडलं आणि विझलं.

"परत?" मंगल म्हणाली.

मल्हारनं किल्ली काढली, सदऱ्याला पुसली आणि पुन्हा घातली. टिक.

"किल्ली पुसून काय हुतंय? तिचा काय गुन्हा?"

गाडी घेऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. दिवाळी झाली की हे कुटुंब माण तालुक्यातनं खाली पलूसकडं उतरायचं. ऊस तुटलेल्या नाहीतर पेरणीआधीच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य आणि पैसे घ्यायचे, आणि दर चार-सहा दिवसांनी पुढच्या रानात जायचं. संसार घोड्यांवर असायचा. दादासोंना घोडी विकायची नव्हती. मंगलनंच हट्ट धरला होता. घोड्यावर संसार लादून, वर कोंबड्या आणि कोकरं बांधून, पावसात त्यांच्या मागं चालणं काय असतं ते तिलाच ठाऊक होतं. म्हणून गाडी रुसली की सासरे आधी गाडीकडं बघायचे आणि मग तिच्याकडं. बोलायचे काही नाहीत. त्याचाच तिला जास्त संताप यायचा.

मल्हार याआधी दोनदा इस्लामपूरच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन आला होता. पहिल्यांदा त्यांनी बॅटरी चार्ज करून दिली आणि सांगितलं, तुम्ही तळावरच्या सगळ्यांचे मोबाईल गाडीला लावता, म्हणून ती उतरते. तेव्हापासून मंगलनं गाडीला मोबाईल लावू दिला नव्हता. दिराला फोन चार्ज करायला गावातल्या चहावाल्याकडं जावं लागायचं. दुसऱ्यांदा त्यांनी पुन्हा चार्ज केली, मशीन लावलं आणि सांगितलं, बॅटरी ठणठणीत आहे. मल्हार स्वभावानं गरीब. "बरं साहेब," म्हणून परत आला.

तेवढ्यात लालासाहेब खांद्यावर खोरं टाकून बांधावरनं आले. फौजेतनं रिटायर झालेला माणूस, आवाज अजून परेडवरचा. "अरे मल्हार, पाणी सोडलं की मी! गाडी हलव!"

"हलंना झालीया, लालासाहेब."

"धक्का मारू. चल, एक साथ!"

तिघांनी धक्का मारला. भुसभुशीत रानात चाकं रुतली आणि गाडी होती तिथंच राहिली. सरीतनं पाणी सरकत येत होतं. मागं कोकरं ओरडत होती. त्यांच्या आया पुढं गेल्या होत्या आणि ती सकाळची प्यालीही नव्हती. लालासाहेब खोरं टाकून पळत गेले आणि ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी जोडल्यावर पिकअपनं एकदा खाकरून आवाज धरला.

"आता काय वाट्टेल ते हू दे, बंद करू नगंस," लालासाहेबांनी बजावलं.

बंद न करताच ते कुंडलच्या रानात पोहोचले. मंगलनं कोकरं खाली सोडली. त्यांचा आवाज ऐकून मेंढ्या कळपातनं धावत सुटल्या. हुंगून हुंगून आपलं कोकरू शोधू लागल्या. फटाफटा सगळ्या कोकरांची तोंडं सडांना लागली. सामान उतरलं. गाडी धडधडतच होती. दादासोंनी गाडीकडं बघितलं, मग सुनेकडं.

"मामंजी, एकदा बोलून टाका," मंगल म्हणाली. "पोटात ठिऊ नगासा."

"म्या काय बोल्लो व्हय?" दादासो म्हणाले आणि जाळी ताणायला गेले.

मंगल पुढच्या सीटवर चढून बसली. "चला इस्लामपूरला. ह्या बारीला मी येते."

सर्व्हिस सेंटरच्या फाटकावरच्या माणसानं गाडी बंद करायला सांगितलं. मंगल म्हणाली, "तुमच्या साहेबांस्नी बोलवा. त्यांच्या म्होरं बंद करतो."

साहेब म्हणजे वीरधवल, इस्त्रीच्या शर्टातला तिशीच्या आतला सुपरवायझर. मल्हारला बघून त्यानं ओळखीचं हसू दिलं. गाडी बंद केली, चालू करून बघितली. टिक, टिक. त्यानं बॅटरीला छोटं मशीन लावलं आणि त्यावरची अक्षरं मंगलपुढं धरली. "मावशी, बॅटरी चांगली आहे. नुसती उतरलीय. चार्ज करून देतो."

"ह्येच दोनदा केलंसा न्हवं?"

"मशीन चांगली म्हणतंय, तर मी बदलून कशी देणार? कंपनी विचारते मला."

"बरं," मंगल म्हणाली. मल्हार चमकून बघू लागला. ती इतक्या लवकर बरं म्हणाली, हे त्याला खरं वाटेना. "करा चार्ज. पर झाल्यावर आमी लगीच जाणार न्हाई. गाडी हितंच उभी ऱ्हाईल. मी सांगीन तवा तुमी सोता चालू करायची."

दुपारपर्यंत चार्जिंग चाललं. ती दोघं काचेच्या खोलीत बसून राहिली. तिथं इतका गारवा होता, की मंगलनं पदर कानावरनं लपेटून घेतला. बॅटरी चार्ज झाली, गाडी एका झटक्यात चालू झाली. वीरधवल म्हणाला, "बघा." मंगल म्हणाली, "बंद करा." तो गेला. गिऱ्हाईकं आली, गेली. मल्हार दोनदा म्हणाला, "चल आता, मेंढरं..." तिनं नुसती मान हलवली. तिन्हीसांज व्हायला आली तशी ती उठली. "साहेब, या."

वीरधवल सीटवर बसला. किल्ली फिरवली. टिक, टिक, टिक. त्यानं किल्ली काढली आणि शर्टाला पुसली.

"किल्ली पुसू नगा," मंगल म्हणाली. "ते आमी करून बघितलंय."

वीरधवलनं हात टेकले. कंपनीला फोन लावला, फोटो पाठवले आणि बऱ्याच वेळानं मंजुरी मिळाली. पण ह्या मापाची बॅटरी तिथं नव्हती. ती कोल्हापुरातनं यायची होती. रात्री दोघं एसटीनं परतली आणि दुसऱ्या दिवशी मल्हार पुन्हा एसटीनं गेला. मंगलही गेली. तिला आता कुणाचाच भरवसा नव्हता.

नवी बॅटरी बसल्यावर वीरधवल म्हणाला, "मावशी, एक सांगू? चिडू नका. ह्या नव्या गाड्या बंद असल्या तरी आत थोडं थोडं चालूच असतं. गाडी कुठं आहे, ते सारखं कंपनीला कळवतात."

"आमी कुठं हाय ते आमच्या सोयऱ्याधायऱ्याला ठावं नसतंय. कंपनीला कशाला पायजे?"

"ते मला माहीत नाही. पण तुमची गाडी चार-सहा दिवस उभी आणि मग दोन-तीन किलोमीटर पळणार. तेवढ्यात बॅटरी भरत नाही. न भरता उतरतच राहिली की मरते. हीसुद्धा मरंल. दोन दिवसाआड तासभर पळवा. मोकळी पळवली तरी चालंल."

मंगल त्याच्याकडं बघतच राहिली. "मेंढरं चारायची, कोकरं पाजायची, आन आता गाडी बी चारून आणायची व्हय?"

वीरधवल हसला. मल्हारही हसला. मंगलला हसू आलं नाही. वाटभर ती डिझेलचं बोलत होती.

दोन दिवसांनी दुपारी मल्हारनं गाडी काढली. "तू बी चल."

"मी कशाला? काय काम हाय?"

"कामच न्हाई."

"जा की," जाळी सांधत बसलेले दादासो म्हणाले. "कोकरं मी बघतो."

ती चढली. मागं ना भांडी, ना कोकरं. मांडीवर डालगंही नव्हतं. हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती दोघं कधी विनाकारण कुठं गेली नव्हती. काचेबाहेर द्राक्षाच्या बागा मागं पळत होत्या. एरवी ही रानं ती मेंढरांच्या पावलानं बघायची. थोड्या वेळानं तिनं काच खाली केली आणि कोपर बाहेर टेकवलं.

तासगावच्या वाटेवर एका टपरीपाशी मल्हारनं गाडी थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं. चहावाला ओरडला, "पावणं, बंद करा की! कुणाची वाट बघताय?"

"न्हाई," मल्हार म्हणाला. "बॅटरीला फिरवाय आलोय."

चहावाल्याला काही कळलं नाही. मंगलनं तोंडाला पदर लावला.

"अजून लय वेळ काढायचाय," मल्हार म्हणाला.

"मग तासगावापतूर घ्या. बाजार तरी बघू." चहाचा ग्लास फळीवर ठेवत ती म्हणाली, "पर हळू चालवा. डिझेल काय फुकाट हाय?"