न वाचलेला प्रश्न

तुषारची बायको अरुणा वारली त्याला दोन महिने झाले होते. या दोन महिन्यांत तुषारला कुणी काही विचारलं की तो "हो" म्हणायचा. शेजारच्या सरलाबाईंनी विचारलं, भाजी करून ठेवू का? हो. नाशिकहून बहिणीनं विचारलं, वेळेवर जेवतोस ना? हो. वहिनीचे कपडे कुणाला देऊन टाकायचे का? हो. मग कपडे कपाटातच राहिले आणि भाजी फ्रिजमध्ये नासली. हो म्हटलं की समोरचा माणूस गप्प होतो, एवढंच त्याला समजलं होतं.

ऑफिसातही तसंच. ललितभाई चार वाजता आपल्या खुर्चीतूनच ओरडायचा, "तुषार, चा?"

"हो."

चहा यायचा. त्यावर साय धरायची. संध्याकाळी कप भरलेलाच परत जायचा. ललितभाई बघायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. त्याचे वडील अमळनेरचे, पण तो जन्मला, वाढला सुरतेत, त्यामुळे बोलता बोलता गुजरातीत शिरायचा. माणूस वाईट नव्हता. उधन्यात दोन खोल्या घेऊन त्यानं पाच माणसांचं काम उभं केलं होतं. कापडाच्या मागांना लावायचे कंट्रोलचे डबे ते बनवत. मागावर धागा तुटला की डबा माग थांबवतो, शिट्टी वाजवतो आणि मागावरच्या दांडीवर लाल दिवा लावतो. कामगार येतो, धागा जोडतो, माग पुन्हा सुरू.

अशा डब्यात एक लहानसा संगणक असतो. वीज आली की त्यात सगळ्यात आधी कर्नेल, म्हणजे त्याचा मूळ प्रोग्राम, जागा होतो. प्रोसेसरला कोणती तार कुठे जाते, काय जोडलंय, काय नाही, हे सगळं कर्नेलला आधी सांगून ठेवावं लागतं. जे सांगितलं नाही ते डब्याच्या लेखी नाहीच. तुषार बारा वर्षं हेच काम करत होता.

जुना प्रोसेसर बाजारात मिळेनासा झाला होता. तो एआरएम घराण्यातला. नवा आला तो रिस्क-फाइव्ह घराण्यातला. घराणं बदललं की कर्नेल नव्यानं बांधावा लागतो. तुषारनं जुन्या डब्याची हो-नाहीची यादी घेतली आणि नव्या बोर्डासाठी ती चालवली. जे जुन्या यादीत नव्हतं ते कर्नेल एकेक करून विचारायला लागला. हे हवं का? हे हवं का? प्रत्येक प्रश्नापुढे एक उत्तर आधीच धरलेलं असतं. काही न लिहिता एंटर दाबलं की तेच पक्कं होतं. बहुतेक ठिकाणी ते 'नाही' असतं.

पाचशेच्या वर प्रश्न होते. एरवी तुषारनं या कामाला दोन दिवस घेतले असते, बोर्डाचा नकाशा शेजारी ठेवून डोळ्यांत तेल घालून एकेक ओळ वाचली असती. या वेळी पहिले तीस-चाळीस प्रश्न वाचले. मग एंटरवर बोट ठेवलं ते उचललंच नाही. ओळी वर सरकत राहिल्या. पाच मिनिटांत प्रश्न संपले.

टेबलावर त्यानं चाचणी घेतली. धागा कापला. मोटर थांबली, शिट्टी वाजली. खोलीत शांतता होती, त्यामुळे शिट्टी अगदी कानात शिरली. दिव्याची दांडी टेबलावर नव्हती, ती मागावर असते.

"बस, थई गयुं! झालं काम!" ललितभाई म्हणाला. "सोमवारी सचिनला ट्रायल. जमेल ना?"

"हो."

सचिन हे सुरतेबाहेरचं गाव, तिथल्या कारखान्यात एकशे वीस माग होते. ट्रायल चार मागांवर ठरली. ते चार माग लोटूआबा चालवत. लोटूआबा म्हणजे अरुणाचे वडील.

वय त्रेसष्ट. शिंदखेड्याहून विशीत सुरतेला आले, तेव्हापासून माग. कान केव्हाच गेले होते. पण मागाच्या खडखडाटात कान असून नसून सारखेच. तिथं कुणी तोंडानं बोलत नाही. ओठ हलवायचे, बोटं हलवायची, समोरच्यानं वाचायचं. अरुणा त्यांच्या नवागामच्या खोलीत हे बघत वाढली. ती आणि लोटूआबा खोलीच्या दोन टोकांना बसून तासन् तास बोलायचे आणि आवाज कसलाच नसायचा. लग्न झाल्यावर तुषार म्हणायचा, "माझ्या चुगल्या चालल्यात ना?"

"चुगल्या करायला तुमच्यात काही पाहिजे ना," अरुणा म्हणायची, आणि पुन्हा ओठ हलवायची. म्हातारा हसायचा. तुषारनं ती भाषा कधी शिकून घेतली नाही. मूलबाळ नव्हतं, घरात दोनच माणसं, दोघांनाही ऐकू येत होतं. गरजच काय होती?

डेंग्यूनं ती चार दिवसांत गेली. तिसऱ्या दिवशी आयसीयूत तिच्या तोंडावर आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकचा घट्ट मास्क होता आणि मशीन मोठ्यानं फुसफुसत होतं. आत एकालाच सोडत. तुषार आत होता, लोटूआबा काचेबाहेर. अरुणानं डोळे उघडले, तुषारकडे पाहिलं आणि मास्कच्या आत ओठ हलवले. सहा-सात शब्द असतील. बोटंही थोडी हलली. तुषारला काही समजलं नाही. पुन्हा बोल असं म्हणायला त्याला धीर झाला नाही, तिला दम लागत होता. त्यानं नंदीबैलासारखी मान हलवली. हो, हो. तिनं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती गेली.

आपण कशाला हो म्हणालो, हे त्याला माहीत नव्हतं. काचेबाहेरच्या माणसाला माहीत होतं. लोटूआबा दर रविवारी नवागामहून डिंडोलीला तुषारच्या घरी यायचे. सासूबाईंनी, धुरपदाबाईंनी, दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा ओट्यावर ठेवायचे, अर्धा तास बसायचे आणि जायचे. तुषार विचारत नव्हता. ते सांगत नव्हते. सांगण्यासारखं नसेल म्हणूनच सांगत नसतील, असं तुषारनं धरून ठेवलं होतं. तिला काही हवं होतं, ते आपण कबूल केलं आणि केलं नाही. काय, ते माहीत नाही.

ट्रायलच्या चौथ्या दिवशी कारखान्यातून मागांवर देखरेख करणाऱ्या मगन मास्तरचा फोन आला. ललितभाईनं स्पीकर लावला.

"ललितभाऊ, डबा तुमचा झकास. धागा तुटला का मशीन जागच्या जागी उभं. पण म्हातारा थांबलेल्या मशीनकडं बघतच नाही. काल दोन मशीन पाऊण तास उभी होती. काका दुसऱ्याच मशीनला कुरवाळत बसलेले! शेठ म्हणतात, सोमवारपासून काकांना घरी आराम करू द्या."

फोन ठेवून ललितभाई तुषारकडे वळला. "तुझे सासरे आहेत, मला वाईट वाटतं. पण आपल्या बॉक्समध्ये काही दोष नाही. बरोबर ना?"

"हो," तुषार म्हणाला.

"मग जा, चार दिवसांचा रेकॉर्ड उतरवून आण."

तुषार मोटारसायकलनं सचिनला गेला. कारखान्यात शिरला की छातीत आवाज शिरतो. लोटूआबा आपल्या रांगेत होते. पूर्वी ते रांगेच्या मधोमध उभे असायचे आणि चारही दांड्यांवर नजर ठेवायचे. आज ते फिरत होते. पहिल्या मागावर हात ठेवायचे, थरथर लागते का बघायचे, दुसऱ्याकडे जायचे, तिसऱ्याकडे जायचे. शर्ट पाठीला चिकटला होता. ते पहिल्या मागाशी होते तेव्हा चौथ्यावर धागा तुटला. माग थांबला. तुषारनं दांडीकडे पाहिलं.

दिवा लागला नव्हता.

त्यानं डब्याला कान लावला. आत शिट्टी वाजत होती. दोन पावलं मागं आला तर त्यालाही ऐकू आली नाही.

त्यानं लॅपटॉप जोडला. कर्नेलला दिवे दिसतात का विचारलं. एकही नाही. मग त्याला आठवलं. नव्या प्रोसेसरला तारा कमी, म्हणून या बोर्डावर दिवे थेट जोडलेले नव्हते. मध्ये एक छोटी वेगळी चिप होती. ही चिप हवी का, असा प्रश्न पाचशेत कुठंतरी आला असणार. त्यानं यादी उघडली. चिपचं नाव होतं आणि तिथं 'नाही' होतं. दिवे या चिपच्या भरवशावर, त्यामुळे त्यांच्याबद्दल पुढं विचारलंच गेलं नव्हतं.

खांद्यावर हात पडला. लोटूआबा होते. त्यांनी चौथा माग सुरू केला, शेजारच्याला आपल्या रांगेकडे बघायची खूण केली आणि तुषारला बाहेर पाण्याच्या टाकीपाशी नेलं. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं ते मोठ्यानं बोलले.

"जवाईबापू, कोनले सांगू नका. माले आते दिवा दिसत नही. चार दिन व्हयनात. कान गयात ते गयात, आते डोयाबी गयात. मगन म्हने ते खरं शे. मीच घर जास."

"आबा, दिवा लागतच नाही," तुषार म्हणाला.

"काय?"

"दिवा लागत नाही!" तो ओरडला.

म्हाताऱ्यानं मान हलवली, समजलं नाही म्हणून. तुषारनं आवाज सोडून दिला. त्यानं अरुणा करायची तसे ओठ सावकाश हलवले. दिवा. बोटांची चिमूट करून उघडली, मग हात आडवा हलवला. नाही. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. माझी चूक.

लोटूआबा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"लागतच नही?"

तुषारनं मान हलवली.

"मंग मना डोया?"

चांगले, तुषार ओठांनी म्हणाला.

"हात मेल्या!" म्हातारा म्हणाला, आणि जावयाला हे म्हणायला नको होतं हे लक्षात येऊन जीभ चावली. मग हसायला लागला. "मी ते काल धुरपदाले सांगी बसनू, आते तुना हात धरीसन चालनं पडी. ती म्हने, एवढा वरीस धरा नही, आते धरस!"

तुषार मगन मास्तरकडे गेला. मगन चहा पीत होता.

"मास्तर, आबांची चूक नाही. डब्याचा दिवा लागत नाहीये. माझ्याकडून राहून गेलं."

"म्हणजे म्हातारा नाही झोपला, डबा झोपला होता?"

"मी झोपलो होतो."

मगननं कप खाली ठेवला. "शेठला तुम्हीच सांगा. माझ्या तोंडानं गेलं तर तुमची ऑर्डर जाईल."

तुषारनं आधी ललितभाईला फोन केला.

"अरे, सकाळी तर तू हो म्हणाला होता!"

"न बघता म्हणालो."

"मग गुपचूप दुरुस्त करायचं ना, भला माणस! मास्तरला सांगायची काय गरज?"

"सोमवारी आबांना काढणार होते."

"सारू, ठीक आहे," ललितभाई म्हणाला. "शेठशी मी बोलतो. तू आधी दिवा लाव."

तुषार टाकीच्या कट्ट्यावर बसला. 'नाही' होतं तिथं 'हो' केलं. लगेच दिव्यांचा प्रश्न पुढं आला, त्यालाही हो लिहिलं. कर्नेल पुन्हा बांधायला घातला. वीस मिनिटं लागणार होती. पडद्यावर ओळी धावत होत्या. लोटूआबांची जेवणाची सुट्टी झाली तसे ते शेजारी येऊन बसले, डबा उघडला आणि अर्धी भाकरी त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली आणि हातातच ठेवली.

मग तो त्यांच्याकडे वळला आणि आवाज न काढता ओठ हलवले. दवाखान्यात. अरुणा. काय म्हणाली होती?

लोटूआबांना पहिल्याच खेपेला समजलं. ते घास चावत राहिले, तो गिळला.

"तिले थंडी वाजी ऱ्हायंती," ते म्हणाले. "म्हने, पायवर काहीतरी टाका."

तुषारला हिरवी चादर आठवली. त्यानं मान हलवल्यावर पाचेक मिनिटांनी नर्सनं आणली होती. पायांवर घालून कडा नीट खोचल्या होत्या. नर्स आपणहून आली असंच तो समजला होता.

"नर्सले मी सांगं, काचमाईन हात करीसन," लोटूआबा म्हणाले. "तुम्ही मान हालाई, मी म्हनं तुमले समजनं. म्हनीसन परत काय सांगू?"

आणखी काही? तुषारनं ओठांनी विचारलं.

"काय नही. एवढंच."

तो ज्याला हो म्हणाला होता आणि दोन महिने जे त्याला खुपत होतं ते एवढंच होतं, आणि ते त्याच दिवशी पाच मिनिटांत झालेलंही होतं. त्याला वाटलं, आता रडू येईल. तो थांबला. आलं नाही. टाकीतून पाणी ठिबकत होतं. हातात भाकरी होती म्हणून त्यानं ती खाल्ली. तिखट होती. त्यानं आणखी मागितली.

ओळी थांबल्या होत्या. दोघं आत गेले. तुषारनं चारही डब्यांत नवा कर्नेल भरला आणि मग मुद्दाम तिसऱ्या मागाचा धागा तोडला. माग थांबला. दांडीवर लाल दिवा लागला. लोटूआबा रांगेच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. त्यांनी तिथूनच हात वर केला, आणि येताना मुळीच घाई केली नाही.

संध्याकाळी मगनचा फोन आला. शेठ दहा मिनिटं बोलले होते, त्यातलं ललितभाईबद्दलचं सांगण्यासारखं नव्हतं. काकांना मात्र सोमवारी येऊ द्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तुषारनं ऑफिसात बोर्डाचा नकाशा शेजारी ठेवला आणि यादी पहिल्या प्रश्नापासून पुन्हा सुरू केली. या वेळी एंटरवर बोट ठेवून दिलं नाही. प्रश्न वाचायचा, नकाशात बघायचा, मग उत्तर लिहायचं. चार वाजेपर्यंत एकशे दहा झाले.

"तुषार, चा?" ललितभाई खुर्चीतून ओरडला.

तुषारनं मान वर केली. चहा प्यावासा वाटतोय का, याचा त्यानं थोडा वेळ विचार केला.

"नको," तो म्हणाला, आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.